फोमचं चिलखत मळलेलं, वापरलेलं दिसायला काय काय वापरावं?

फोमपत्रा:
६ आणि १० मिमी ईव्हीए फोमचं (चपलांच्या तळव्यात असतो तसला हलका फोम) पूर्ण चिलखत तयार आहे. छाती-पाठ, खांदे, दंड, नडग्या आणि शिरस्त्राण. हीट गनच्या गरम हवेने पृष्ठभाग बंद करून घेतला, वर प्लास्टी डिपचे (वाळल्यावर रबरासारखा लवचीक होणारा लेप) ३ हात, मग काळा ॲक्रिलिक आणि त्यावर लोखंडी छटेचा चंदेरी ॲक्रिलिक. पण दिसतं अगदी कोरं. हवंय ते पायदळातल्या शिपायाचं: खूप पायपीट झालेलं, अधूनमधून फडक्याने पुसलेलं, नीट घासलेलं मात्र कधीच नाही.

वॉश (खाचांत मळ दाखवणारा पातळ रंग) ॲक्रिलिकचा द्यावा की ऑइलचा? धुळीसाठी मुलतानी माती, पेस्टलची पूड की तयार पिगमेंट (सुकी रंगपूड)? बूटपॉलिश चालतं असं अनेक ठिकाणी वाचलं, ते टिकतं का? चिलखत दिवसभर अंगावर असणार आणि आत पांढरा सुती अंगरखा आहे, त्याला डाग नकोत.

थरावरथर:
तुमच्या बाबतीत निवड खालच्या थरानेच करून ठेवली आहे. प्लास्टी डिप व्हाइट स्पिरिटने आणि मिनरल टर्पेंटाइनने फुगतं, मऊ पडतं. ॲक्रिलिकचे पातळ हात त्याला पूर्ण झाकत नाहीत, सांध्यात आणि कडांवर तर नाहीच. ऑइल वॉशमधलं स्पिरिट तिथून आत शिरलं की रंग सुरकुततो किंवा पापुद्र्यासारखा सुटतो. म्हणून मुख्य वॉश ॲक्रिलिकचाच.

वॉशच्या आधी पाण्यातलं पॉलियुरेथेन वॉर्निश, सॅटिन (अर्धवट चमकेचं), २ पातळ हात, आणि रात्रभर वाळू द्या. सॅटिनच का? मॅट, म्हणजे बिनचमक वॉर्निशचा पृष्ठभाग सूक्ष्म खरखरीत असतो, वॉश सगळीकडे धरून बसतो आणि पुसला तरी निघत नाही, सगळं चिलखत एकसारखं राखाडी होतं. उलट चकचकीत ग्लॉसवर तो थेंब-थेंब होऊन पळतो. शिवाय वॉर्निश असलं की वॉश बिघडल्यास ओल्या फडक्याने पुसून पुन्हा सुरुवात करता येते, खालचा चंदेरी शाबूत राहतो.

वॉशचं प्रमाण: बर्न्ट अंबर (गडद तपकिरी) २ भाग, काळा १ भाग, मॅट मीडियम (रंगात मिसळायचं बिनरंगी ॲक्रिलिक) २ भाग, पाणी ८ भाग. मीडियम वगळून नुसतं पाणी वाढवलं तर रंगातला बाइंडर (रंगाचे कण धरून ठेवणारा चिकट भाग) इतका विरळ होतो की वाळल्यावर रंग बोटाला पुडीसारखा लागतो. तोच पुढे अंगरख्यावर येतो. १०० मिलीला भांड्यांच्या लिक्विड साबणाचा १ थेंब टाका, म्हणजे वॉश खाचांत पसरतो. जास्त टाकलात तर बुडबुडे येतात आणि वाळल्यावर त्यांची वर्तुळं तशीच राहतात. नुसता काळा वॉश देऊ नका. काळा मळासारखा दिसत नाही, सावली रंगवल्यासारखा दिसतो.

एका वेळी साधारण २० × २० सेंमीचा भाग घ्या. ब्रशने वॉश सांध्यांत, रिव्हेटभोवती, खाचांत कोंबा, मिनिटभर थांबा आणि किंचित ओल्या सुती फडक्याने वरून खाली पुसा. दिशा महत्त्वाची, कारण पाणी आणि घाम खालीच ओघळतात, आडवं पुसलं तर डोळ्याला लगेच खटकतं. टिश्यू पेपर नको, त्याचे तंतू चिकटून राहतात. अर्ध्या तासाने दुसरा हात, थोडा दाट, फक्त खोलगट जागी. भाग मध्येच सोडून उठलात तर कडेला वाळलेल्या पाण्याची रेघ पडते. म्हणून थांबायचं ते एखाद्या सांध्यावर किंवा पट्ट्याखाली.

यानंतर ड्रायब्रश, म्हणजे जवळजवळ कोरड्या ब्रशने रंग. चपटा, राठ ब्रश, चिलखताच्या रंगापेक्षा उजळ चंदेरी. पुठ्ठ्यावर पुसत राहा, रंग जेमतेम उमटेल इतका उरला की मग कडेवर फिरवा. पण सगळ्या कडांवर नाही! नव्वद टक्के चिलखतं इथेच खोटी पडतात. जिथे काहीतरी खरोखर घासतं तिथेच धातू उजळतो: कमरपट्ट्याखाली, हात लोंबताना दंड जिथे छातीला लागतो तिथे, खांद्याच्या पत्र्यांच्या एकमेकांवर सरकणाऱ्या कडांना, शिरस्त्राण काढताना बोटं पडतात तिथे. पाठीच्या मध्यावर काहीच घासत नाही, तिथे मळ ठेवा.

गंजाच्या बाबतीत हात आवरा. पुसलं जाणारं लोखंड गंजतं ते फडकं पोचत नाही तिथे, म्हणजे रिव्हेटच्या डोक्याखाली, पत्र्यावर पत्रा चढतो त्या फटीत, बक्कलच्या मागे. फाटक्या स्पंजच्या तुकड्याने टिपत जा. आधी गडद तपकिरी सर्वांत मोठ्या जागेवर, त्याच्या आत बर्न्ट सिएना (लालसर तपकिरी), आणि नारिंगी फक्त टाचणीच्या डोक्याएवढे ठिपके. ताजा गंज नारिंगी असतो, जुना गडद, आणि जुन्याचं प्रमाण नेहमी जास्त. बक्कल पितळी रंगवली असतील तर त्यांना गंज नकोच. पितळ काळपट पडतं, ओलीत हिरवट होतं.

धूळधाण:
धुळीचा भाग मी घेतो.

मुलतानी माती नाटक-सिनेमाच्या कपडेपटात धुळीसाठी वापरतात आणि कॅमेऱ्यात ती उत्तम दिसते. पण ती कशालाच चिकटत नाही. दर दृश्याआधी पुन्हा मारणारं कुणीतरी असेल तर ठीक. दिवसभर हिंडायचं असेल तर तासाभरात ती अंगरख्यावर उतरेल आणि घामात तिचा लगदा होईल.

पेस्टल घ्यायचे तर खडूसारखे सुके, तेलकट नव्हेत. सँडपेपरवर घासून पूड करा आणि बारीक गाळणीतून गाळा. मात्र त्यात खडूची भुकटी भरपूर असते. वॉर्निश पडलं की ती पारदर्शक होते आणि फिकट धूळ एकदम गडद होते किंवा दिसेनाशीच होते. म्हणून हव्या त्या छटेपेक्षा दोन छटा फिकट घ्या. तयार पिगमेंटमध्ये हा फरक कमी पडतो. माझा कौल पिगमेंटला, निदान नडग्या आणि छातीपुरता तरी.

टिकणारी धूळ ओलीच लावावी लागते. पिगमेंट १ भाग, मॅट मीडियम १ भाग, पाणी ३ भाग. हे मिश्रण खालच्या अर्ध्या भागावर स्पंजने थोपटा, वरच्या बाजूला विरत न्या. खांद्याच्या सपाट माथ्यावरही थोडं हवं, कारण धूळ वरून बसते. ओलं असताना हे फारच कमी वाटतं, वाळल्यावर उठून दिसतं. तेव्हा वाळेपर्यंत दुसरा हात देऊ नका.

सुकी पूड सर्वांत शेवटी, फक्त नडग्यांवर. ३० सेंमीवरून मॅट स्प्रेचे ३ हलके फवारे, मध्ये १० मिनिटं. पहिलाच फवारा जोरात मारला तर पूड उडते आणि उरलेली थेंबांत गोळा होते. हवा दमट असेल त्या दिवशी स्प्रे करू नका, मॅट थर पांढुरका धुरकट होतो.

काही जण पूड बसवायला आयसोप्रोपिल अल्कोहोल सांगतात. ॲक्रिलिक रंगावर ते नको. वाळलेला ॲक्रिलिकही त्याने विरघळतो आणि ब्रशबरोबर चंदेरी उचलला जातो.

चिखलाचे गोळे: लवचीक ॲक्रिलिक मीडियममध्ये मुलतानी माती, तपकिरी रंग आणि चिमूटभर लाकडाचा बारीक भुसा. थर २ मिमीपेक्षा जाड झाला तर फोम वाकला की तडकतो. पांढरा पीव्हीए गोंद वापरू नका, पावसात तो पुन्हा चिकट होतो. शिंतोडे उडवायचे तर राठ ब्रश काठीवर आपटून खालून वर, घोट्यापाशी दाट, गुडघ्यापाशी तुरळक.

कोणतीही पूड हाताळताना एन-९५ मास्क लावा. बारीक मातीत सिलिका असू शकते.

मेणबत्ती:
बूटपॉलिश नको. ते मेण आहे. वाळतं म्हणजे वरून कोरडं वाटतं एवढंच. अंगाच्या उबेने मऊ होऊन ते थेट अंगरख्यात जाईल, आणि त्यावर कुठलंही वॉर्निश धरत नाही, म्हणजे नंतर झाकायचीही सोय नाही. खऱ्या चामड्याच्या पट्ट्यांना लावा, तेही कपड्याला न टेकणाऱ्या बाजूने. पट्टे रेक्झिनचे असतील तर सँडपेपरने घासू नका, आतलं पांढरं कापड दिसतं. तिथे जुनेपणा रंगानेच आणावा लागतो.

जवसतेल:
थरावरथर यांचं प्लास्टी डिपबद्दलचं बरोबर आहे, पण ऑइल अगदी बाद करू नका. शिरस्त्राण वाकत नाही. त्यावर पॉलियुरेथेनचे २ नव्हे, ३ हात द्या, २ दिवस वाळू द्या आणि आधी आतल्या कडेला न दिसणाऱ्या जागी व्हाइट स्पिरिटचा बोळा मिनिटभर ठेवून बघा. पृष्ठभाग चिकट झाला नाही तर पुढे जा.

ओघळ ॲक्रिलिकपेक्षा ऑइलमध्ये कितीतरी खरे येतात, कारण घाई नसते. बर्न्ट अंबर ऑइल पुठ्ठ्यावर पिळून तास-दोन तास ठेवा, पुठ्ठा जादा तेल शोषतो आणि रंग चमकत नाही. रिव्हेटखाली मोहरीएवढा ठिपका द्या. चपटा ब्रश स्पिरिटमध्ये बुडवून फडक्यावर जवळजवळ कोरडा करा आणि ठिपका खाली ओढा. अंबरमध्ये मँगनीज असतं, त्यामुळे तो इतर ऑइल रंगांपेक्षा लवकर वाळतो. तरी मॅट स्प्रेआधी आठवडा जाऊ द्या. ऑइल रंग जवसाच्या तेलात असतात, त्या तेलाची फडकी चुरगळून डब्यात टाकू नका, ती आपोआप तापून पेटू शकतात. उघड्यावर पसरून पूर्ण वाळवा.

फोमपत्रा:
सर्वांचे आभार. दोन गोष्टी राहिल्या. नडग्यांवर मॅट स्प्रे आधीच मारून झालाय, वॉश बाकी आहे. आणि पोचे, तलवारीचे वार आता करता येतील का?

थरावरथर:
मॅटवरच सॅटिनचे २ हात द्या, खरखरीतपणा भरून निघतो आणि वॉश पुसता येतो. शेवटी पुन्हा मॅट करायचं ते फक्त धूळ-चिखलाच्या जागी. सगळ्या चिलखताला मॅट मारलं तर धातू सिमेंटसारखा दिसतो.

खरे वार रंगाआधीच करायचे असतात. चाकूने इंग्रजी व्ही आकाराची चीर द्यायची आणि हीट गन फिरवायची, चीर आपोआप उघडते. आता हीट गन लावली तर प्लास्टी डिपला फोड येतील. त्यामुळे रंगवूनच भागवा: बारीक ब्रशने गडद तपकिरी रेघ, तिच्या लगेच खाली उजळ चंदेरी रेघ. उजेड वरून पडतो, म्हणून खाचेची वरची कड अंधारात आणि खालची चमकते. छातीवर तिरके, वेगवेगळ्या लांबीचे ४-५ वार पुरेत, समांतर काढू नका. मग ३ मीटर लांब जाऊन बघा. तिथून दिसत नसेल ती रेघ गडद करा, दोन्ही रेघा वेगळ्या मोजता येत असतील तर पुसट करा.

काखेपाशी, मानेपाशी आणि कमरेच्या आतल्या कडांना ना पूड, ना धूळ. तिथे फक्त पहिला वॉश आणि वर पॉलियुरेथेनचे आणखी २ हात. पूर्ण वाळल्यावर पांढरं ओलं फडकं जोर देऊन घासून बघा. रंग आला तर अजून एक हात, नाही आला तर अंगरख्यालाही लागणार नाही.