चर्चपासून दुरावलेल्यांसाठीची प्रार्थना माइकवर कशाला?

पश्चिमपट्टी (धागाकर्ता)

आमच्या वसईत रविवारच्या मिस्सेला (कॅथलिक चर्चमधल्या मुख्य उपासनेला) विश्वासूंच्या प्रार्थनांत, म्हणजे सगळ्यांच्या वतीने माइकवर वाचल्या जाणाऱ्या मागण्यांत, हल्ली एक ठरलेली असते: श्रद्धेपासून दुरावलेले आमचे बंधुभगिनी पुन्हा चर्चकडे वळावेत म्हणून. सगळे एका सुरात 'प्रभो, आमची प्रार्थना ऐक' म्हणतात. ज्यांच्याबद्दल हे चाललेलं असतं ते तेव्हा घरी झोपलेले असतात.

माझं म्हणणं, ही प्रार्थना जरूर करा, पण घरी करा. माइकवर तिची हजेरी होते. कोणाचा मुलगा येत नाही, कोणाची सून 'बिलीव्हर' झाली, म्हणजे कॅथलिक चर्च सोडून दुसऱ्या पंथाच्या प्रार्थनासभांना जाऊ लागली, हे सगळ्या धर्मग्रामाला (चर्चच्या सगळ्या मंडळींना) ठाऊक असतं. ती ओळ आली की दोन-चार माना बरोबर त्या बाकाकडे वळतात.

शिवाय ही माणसं गेली का, हे त्या ओळीत कुठेच नसतं. जगभरच्या कॅथलिक बिशपांच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ साली नास्तिकतेबद्दल लिहिताना मान्य केलंय की तिच्या जन्मात श्रद्धावंतांचाही हात थोडाथोडका नाही. धर्मशिक्षणाची हेळसांड, चुकीची शिकवण आणि आपलं वागणं, अशी कारणंही दिली आहेत. मग 'आमच्यामुळे जे गेले त्यांची क्षमा मागतो' अशी ओळ मी आजवर एकाही मिस्सेत का ऐकली नाही?

सांडोरची_मावशी

बाळा, माना वळतात ते खरं. त्या बाकावर मीच बसते. तरीही ती ओळ मला हवी आहे. घरी मी एकटी माळ जपते. चर्चमध्ये निदान एक मिनिट सगळे माझ्याबरोबर मागतात.

संत ऑगस्टीनच्या आईचं, संत मोनिकाचं आठव. ऑगस्टीन आपल्याला सोडून जाऊ नये म्हणून ती कार्थेजच्या किनाऱ्यावर रडत प्रार्थना करत होती. तो तिला फसवून रात्रीच जहाजाने निघून गेला. म्हणजे त्या रात्रीचं मागणं देवाने ऐकलंच नाही. पण गेला म्हणूनच पुढे मिलानला त्याला बिशप अँब्रोज भेटले आणि ३८७ च्या ईस्टरला त्यांच्याच हातून त्याचा स्नानसंस्कार (बाप्तिस्मा) झाला. त्याच वर्षी मोनिका वारली. २७ ऑगस्टला तिचा सण, दुसऱ्या दिवशी त्याचा. आम्ही आयांनी मागायचं नाही तर करायचं काय?

पुण्यातला_दुरावलेला

ज्याच्यासाठी ती ओळ वाचतात तो मी. मावशी, राग नाही, पण मोनिकाच्या गोष्टीतलं एक पान आपल्याकडे प्रवचनात कधी उघडत नाहीत. ऑगस्टीनबरोबर एक बाई कितीतरी वर्षं राहत होती, त्याच्या मुलाची आई. त्याचं चांगल्या घरात लग्न ठरवलं गेलं, त्या ठरवण्यात मोनिकाचाच पुढाकार होता, आणि या बाईला आफ्रिकेत परत पाठवलं. मुलगा बापाकडेच राहिला. तिचं नावसुद्धा ऑगस्टीनने लिहिलं नाही. तिच्यासाठी कोणी माळ जपली?

आता माझं. बायको हिंदू. चर्चमध्ये लग्न करायचं तर परवानगी हवी, आणि मुलांचा स्नानसंस्कार करून त्यांना कॅथलिक म्हणून वाढवण्यासाठी जमेल ते सगळं करीन असं वचन मी द्यायचं. मला ते खोटं द्यायचं नव्हतं. १९५४ च्या विशेष विवाह कायद्याने लग्न केलं. चर्चच्या लेखी ते लग्नच नाही, म्हणून कम्युनियनच्या (मिस्सेत मिळणाऱ्या पवित्र भाकरीच्या) रांगेत मला जागा नाही. मी सोडून गेलो की मला बाहेर ठेवलं, ते आधी ठरवा. मग खुशाल प्रार्थना करा.

कायद्याचा_किडा

दोन गोष्टी. एक, चर्चच्या कायद्यात 'सोडून गेला' असा शिक्का आता बसतच नाही. १९८३ च्या संहितेत विवाहापुरती, रीतसर चर्च सोडलेल्यांसाठी, तशी एक सवलत होती, ती पोप बेनेडिक्ट सोळावे यांनी २००९ मध्ये काढून टाकली. स्नानसंस्कार पुसला जात नाही. म्हणजे ती प्रार्थना परक्यासाठी नाही, घरच्या माणसासाठी आहे. बाहेर ठेवलं म्हणणं मला पटत नाही.

दुसरं, ते वचन तुम्ही द्यायचं असतं, बायकोने नाही. तिला फक्त त्याची कल्पना द्यायची. आणि 'जमेल ते करीन' म्हणजे हमी नव्हे. बिशप झालेलं लग्न मागाहून वैध करू शकतात, पुन्हा समारंभ लागत नाही. विचारलं होतं का कोणाला?

पुण्यातला_दुरावलेला

विचारलं होतं. मागाहून करतानाही ते वचन सुटत नाही. 'जमेल ते' मनाशी न ठरवता म्हणायचं, ही पळवाट तुम्हाला चालते, मला चालत नाही. आणि घरच्याला ताटावरून उठवून, तो जेवायला का येत नाही म्हणून देवाला विचारायचं, हे तुमच्या कुठल्या कलमात बसतं?

सदाशिवपेठी

बाहेरचा आहे, माफी असावी. मी देवळात जाणं सोडून जमाना झाला, आरतीत कोणी माझी आठवण काढत नाही. वाचताना थोडा हेवाच वाटला.

पश्चिमपट्टी

किडासाहेब, कलमं बरोबर असतील, पण कायद्याने घरचा म्हणवायचं आणि पंगतीला बसवायचं नाही, माझा मुद्दा नेमका हाच आहे. मावशी, शुभ शुक्रवारी (गुड फ्रायडेला) चर्च दहा मोठ्या प्रार्थना करते. ख्रिस्ताला न मानणाऱ्यांसाठी एक, देवालाच न मानणाऱ्यांसाठी एक. दुरावलेल्या कॅथलिकांसाठी वेगळी नाही. त्या दिवशी तिच्याशिवाय चालतं, मग दर रविवारी कशाला? आणि बायबलमधल्या लूकच्या पंधराव्या अध्यायातला बाप घर सोडून गेलेल्या धाकट्या मुलाच्या मागे माणसं धाडत नाही.

सांडोरची_मावशी

त्याच अध्यायात मेंढपाळ एका हरवलेल्या मेंढरासाठी नव्व्याण्णव सोडून जातो, ते का गाळलंस? आणि बापाने तो दूर असतानाच त्याला पाहिलं. रोज वाटेकडे डोळे लावल्याशिवाय दिसेल का कोणी?

पुण्याच्या बाळा, त्या बाईबद्दल मला माहीत नव्हतं. तिच्यासाठी मी माळ जपेन. तुझ्या लग्नाचं मला उत्तर देता येत नाही.

पुढच्या रविवारी प्रार्थना वाचायची पाळी आमच्या समूहाची आहे. दुरावलेल्यांची ओळ मी राहू देणार. क्षमेचीही घालते, फादरांनी काढली नाही तर.