कॉलेज आमचं गाव ‘दत्तक’ घेतंय. करारात काय लिहून घ्यावं?

माणकाठचा_उपसरपंच (ता. सांगोला)

नमस्कार मंडळी. साडेतीनशे उंबऱ्यांच्या गावाचा मी उपसरपंच. डाळिंब, थोडी ज्वारी, चार म्हशी. शिक्षण बी.ए., तेही बाहेरून.

परवा एका कॉलेजचे दोन प्राध्यापक आणि एक क्लार्क गाडी घेऊन आले. ‘आम्ही तुमचं गाव दत्तक घेतोय’ म्हणाले. सोबत तीन पानी सामंजस्य करार. सरपंचांची सही आणि ग्रामपंचायतीचा शिक्का तेवढा पाहिजे. सरपंचताई पुतणीच्या लग्नाला गेलेल्या, म्हणून कागद माझ्याकडं राहिला. आमचे आबा शेजारी बसलेले. पाहुणे गेल्यावर म्हणाले, “दत्तक? गावाचं आईबाप मेलं का काय?”

दहा वर्षांत हे चौथं कॉलेज. एसटी थांब्याच्या भिंतीवर प्रत्येकानं आपापलं ‘दत्तक ग्राम’ रंगवलंय, एकावर एक. पावसानं वरचा रंग उडाला की खालचं कॉलेज वर येतं. सध्या दोन नंबरचं दिसतंय.

माणसं वाईट आली असं मी म्हणत नाही. पोरं तर गुणाची. पण मागच्या खेपेला सर्वेक्षणाला एक मुलगी आमच्या घरी आली. आई उंबऱ्यात ज्वारी निवडत होती. गॅस आहे का, मोबाइल किती, संडास वापरता का, कर्ज किती, असं सगळं विचारून झालं. आईनं पण सगळं सांगितलं, कर्जाचा आकडासुद्धा, जो तिनं आमच्या मावशीला कधी सांगितला नाही. मग विचारलं, “बाळा, ह्या कागदाचं पुढं काय हुतं?” मुलगी म्हणाली, “सरांना देते.” “आन् सर?” त्यावर ती नुसती हसली. तिलाही माहीत नव्हतं.

मी नंतर त्या कॉलेजात दोनदा गेलो. गावाच्या माहितीची एक प्रत द्या म्हटलं. पहिल्यांदा सर रजेवर, दुसऱ्यांदा सर बदलले.

अजून एक सांगतो. २०२१-२२च्या सुमाराला पिन होल बोरर या खोड पोखरणाऱ्या किडीनं आमच्याकडच्या डाळिंबाच्या बागा उभ्या वाळल्या. लेकरागत वाढवलेली झाडं लोक जेसीबी लावून उपटत होते. त्याच दरम्यान एका हिवाळ्यात गावात शिबिर होतं आणि पोरं पारावर व्यसनमुक्तीचं पथनाट्य करत होती. चांगलं केलं, टाळ्याही पडल्या. पण शंभर मीटरवर जेसीबी चालू होता. ‘हे काय चाललंय’ असं एकानंही विचारलं नाही. शेवटी आमच्यातले दोघं-तिघं वाळकी खोडं पोत्यात घालून केगावच्या राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्रात स्वतःच गेले.

तर सही करावी का? केली तर काय लिहून घ्यावं? कराराच्या कागदात ‘ग्रामपंचायत सहकार्य करेल’ असं सात वेळा आहे. मी मोजलं. कॉलेज काय करेल, त्याला एकच ओळ: ‘सर्वांगीण विकासासाठी प्रयत्न करेल.’

---

पारावरचा_पंच

सही करून टाका. भिंतीला रंग फुकटात मिळतोय.

---

रासेयो_मास्तर

उपसरपंच साहेब, मी या धंद्यातला. अकरा वर्षं राष्ट्रीय सेवा योजनेचा कार्यक्रम अधिकारी आहे. बोर्ड मीही रंगवलेत, तेव्हा आधी कबुली आणि मग आमची बाजू.

ही योजना गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी, १९६९ला, ३७ विद्यापीठांत सुरू झाली. आज स्वयंसेवकाला वर्षाला १२० तास काम आणि एक सात दिवसांचं निवासी शिबिर असतं. सात दिवसांत काय होतं? पहिला दिवस उद्‌घाटनाचा, शेवटचा समारोपाचा, मधला एक पाहुण्यांचा. उरले चार. त्यातला अर्धा वेळ स्वयंपाक आणि भांडी.

वर केंद्र सरकारचं ‘उन्नत भारत अभियान’. २०१४चं. दिल्लीची आयआयटी समन्वय करते आणि भाग घेणाऱ्या संस्थेनं किमान पाच गावं घ्यायची असतात. पाच गावं म्हणजे पाच गावांचे घरोघरचे फॉर्म, आणि करणारा मास्तर एक, त्याचे आठवड्याचे तास कमी न होता. शिवाय नॅक, म्हणजे कॉलेजांना दर्जा देणारी परिषद. तिच्या निकषांत संशोधन आणि विस्तारकार्य, म्हणजे कॉलेजबाहेर लोकांत जाऊन केलेलं काम, येतं. तिथं फोटो, हजेरी, वर्तमानपत्राचं कात्रण लागतं. ‘गावाला माहिती परत दिली का’ असं मला अकरा वर्षांत कुणी विचारलेलं नाही. म्हणून आम्ही देत नाही. खरं कारण एवढंच आहे, बाकी सगळ्या सबबी.

आता तुमच्या कामाचं. नव्या शैक्षणिक धोरणात फील्ड प्रोजेक्ट आणि समुदाय सहभागाला श्रेयांक (क्रेडिट) आहेत. दोन श्रेयांक म्हणजे साठ तास. म्हणजे पोरांना मार्कांसाठी गावातला एखादा खरा विषय लागणारच आहे. विषय कॉलेजनं ठरवण्याआधी तुम्ही द्या, ग्रामसभेचा ठराव करून. ठरावाचा कागद दिसला की आमचे प्राचार्यही नाही म्हणत नाहीत, कारण तो फाइलला लावता येतो!

दुसरं, तारीख. ग्रामपंचायत विकास आराखड्याचं काम साधारण २ ऑक्टोबरपासून सुरू होतं. आमचं सर्वेक्षण होतं जानेवारीत. म्हणजे आराखडा संपल्यावर आम्ही गावाच्या गरजा मोजतो. सर्वेक्षण सप्टेंबरअखेर पाहिजे असं करारात लिहा.

---

माणकाठचा_उपसरपंच

मास्तर, मोकळं बोललात, आभार. तारखेवरून आठवलं. पहिल्या कॉलेजनं आमच्या ओढ्यावर वनराई बंधारा घातला होता. सिमेंटची रिकामी पोती, वाळू भरून, तोंडं शिवून, दोन थर. पोरांच्या हाताला फोड आले. काम नंबर एक. पण महिना जानेवारी. आमच्याकडं पाऊस परतीचा, ओढा वाहतो तो सप्टेंबर-ऑक्टोबरात. जानेवारीत तिथं शेळ्या चरतात. कोरड्या ओढ्यात बंधारा, त्याच्यावर आमदारांचा फोटो. पुढच्या पावसाच्या पहिल्याच लोंढ्यात पोती खाली गेली. त्यातली दोन आमच्या गोठ्याच्या दाराला पायपुसणं म्हणून आहेत.

---

रासेयो_मास्तर

त्या फोटोतला कार्यक्रम अधिकारी मी नव्हे, पण असूही शकलो असतो.

---

माजी_कृषीकन्या

दादा, ‘कृषीकन्यांनी दिली बीजप्रक्रियेची प्रात्यक्षिके’ अशी बातमी तुम्ही पेपरात शंभरदा वाचली असेल. तसल्या एका फोटोत डावीकडून चौथी मी आहे.

आमच्या कृषी पदवीच्या चौथ्या वर्षाला ग्रामीण कार्यानुभव असतो. गावात राहायचं, एका शेतकऱ्याशी जोडून घ्यायचं, प्रात्यक्षिकं घ्यायची. कल्पना जुनी आणि चांगली आहे. अकोला, राहुरी, परभणी, दापोली ही आपली चारही कृषी विद्यापीठं शिकवणं, संशोधन आणि विस्तार एकाच छपराखाली ठेवायचे म्हणूनच निघाली. ऊस लावणाऱ्या कुणालाही विचारा, को ८६०३२ हा वाण त्याला माहीत असतो. तो कोइमतूरचा, पण आपल्याकडं पारखून शिफारस झाला पाडेगावच्या ऊस संशोधन केंद्रातून. विद्यापीठ आणि गाव जोडलं गेलं की काय होतं ते त्या उसात दिसतं. बोर्ड लागत नाही.

पण आमची गोष्ट ऐका. सोयाबीनची पेरणी जूनमध्ये. आम्ही गावात पोचलो जुलै संपताना. आणि यादीतलं पहिलं प्रात्यक्षिक: सोयाबीनची बीजप्रक्रिया. पीक गुडघ्याला लागलेलं! तरी घेतलं. घरमालकीण आजींनी घरातलं उरलेलं किलोभर बी दिलं. मी गुळाचं पाणी केलं, त्यात रायझोबियम या जिवाणू खताचं पाकीट कालवलं, बियाला हलक्या हातानं चोळलं, गोणपाटावर सावलीत पसरलं. मुलींनी फोटो काढले. आजी म्हणाल्या, “बाई, गूळ जास्त झालाय. मुंग्या येतील.” अर्ध्या तासात आल्या. आजी गेली कित्येक वर्षं दर पेरणीला हे करत होत्या, पाकीट त्यांना कृषी सहाय्यकांनी दाखवलेलं. प्रात्यक्षिक खरं तर त्यांनी द्यायला हवं होतं. अहवालात मी ‘महिलांना मार्गदर्शन केले’ असं लिहिलं. अजून लाज वाटते.

त्या घरात मला कामाची गोष्ट कळली ती रात्री भाकरी थापताना. आजींच्या सोयाबीनची प्रतवारी व्यापारी ओलाव्यावर पाडायचा आणि ओलावा मोजायचं यंत्र फक्त त्याच्याकडं. तसलं यंत्र आमच्या प्रयोगशाळेत दोन. पण ‘ओलावा मोजून देणे’ हे आमच्या यादीत नव्हतं. तेव्हा तुमच्या करारात एक ओळ घाला: पहिले आठ दिवस विद्यार्थी काही शिकवणार नाहीत. नुसते राहतील, कामाला जातील. यादी त्यानंतर बनेल.

---

मुक्काम_पोस्ट_वाडी

ताईंची ती आठ दिवसांची ओळ फार मोलाची. आमच्याकडं ती अभ्यासक्रमातच होती. पवईच्या आयआयटीत १९८५पासून ग्रामीण तंत्रज्ञानाचं एक केंद्र आहे, सी-टारा. तिथं एम.टेक. करताना उन्हाळ्यात काही आठवडे गावात मुक्काम असतो. मी रायगडातल्या एका वाडीवर होतो. विषय पिण्याचं पाणी. नळ होते, टाकी होती, पाणी नव्हतं. मी पंधरा दिवस कागदावर दाबाचं गणित करत बसलो. उत्तर मिळालं पहाटे साडेचारला, विहिरीवर रांगेत उभ्या असलेल्या बायकांकडून: खालच्या वाडीनं मधेच जोडणी घेतली होती आणि ते सगळ्यांना माहीत होतं. मला कुणी सांगितलं नव्हतं, कारण मी त्या वेळेला झोपलेला असायचो.

उपसरपंच, तुमचा प्रश्न पाण्याचा दिसतोय. मग सर्वांगीण विकास वगैरे सोडून द्या, एकच गोष्ट मागा: वीस विहिरींची पातळी. टेप सोडायचा, आकडा लिहायचा, एवढंच. भूजल सर्वेक्षण यंत्रणा आपल्या निरीक्षण विहिरी जानेवारी, मार्च, मे आणि ऑक्टोबरात मोजते. त्याच महिन्यांत मोजा, म्हणजे तुमचे आकडे त्यांच्या शेजारी ठेवता येतील. हिवरे बाजारला दरवर्षी ग्रामसभेत पाण्याचा ताळेबंद मांडतात आणि त्यावर पिकं ठरतात, हे तुम्हाला माहीतच असेल. विदर्भ-मराठवाड्यात पोकरा या सरकारी शेती प्रकल्पातल्या गावांसाठी ताळेबंदाचं गणित पवईच्याच लोकांनी बसवलं. पण गणिताला आकडे लागतात आणि ते तुमच्या विहिरीतून यायचेत.

एक इशारा. मे महिन्यात कॉलेजला परीक्षा नाहीतर सुट्टी. नेमकी सगळ्यात महत्त्वाची मोजणी तेव्हाच. तेव्हा टेप गावातल्या पोरांच्या हातात द्या.

---

धानोऱ्याकडचा

आमच्याकडं गडचिरोलीत मेंढा-लेखा गावानं उलटं केलं. गावानं स्वतःचा अभ्यास गट काढला, बाहेरच्या जाणकारांना त्यात बोलावलं आणि निर्णय मात्र ग्रामसभेत, सर्वसहमतीनं. देवाजी तोफा आणि मोहन हिराबाई हिरालाल यांनी हे वर्षानुवर्षं चालवलं. २००९ला सामूहिक वनहक्क मिळाला त्यामागं हा अभ्यास होता. बाहेरचा माणूस आला तर तो गावाचा पाहुणा, गाव त्याचं दत्तक पोर नाही. तुम्ही आधी दहा जणांचा अभ्यास गट करा. कॉलेजशी बोलायचं ते त्या गटानं. एकट्या उपसरपंचानं बोलू नये.

---

माणकाठचा_उपसरपंच

मंडळी, काय झालं ते सांगतो.

सरपंचताई आल्या. त्यांना सगळा धागा मोबाइलवर वाचून दाखवला. मुंग्यांच्या गोष्टीला दोनदा हसल्या, म्हणाल्या, “ह्या आजीला बोलवा अभ्यास गटात.” आमचा गट नऊ जणांचा झाला. दहावा पाहिजे होता, पण पारावरच्या भांडणात एक गळाला. चार बाया आहेत, त्यात आमची आई. तिची एकच अट: फॉर्मची झेरॉक्स प्रत्येक घरात आली पाहिजे आणि कर्जाचा रकाना ज्याला नको त्याला भरायला लावू नये.

कराराचा कागद आम्ही परत लिहिला. दीड पान. ‘दत्तक’ खोडून ‘सहकारी’. विषय दोनच: विहिरींची पातळी आणि डाळिंब गेलेल्या रानात लोकांनी पुढं काय लावलं, त्यात काय हाती लागलं. माहितीची एक प्रत ग्रामपंचायतीत, आणि २६ जानेवारीच्या ग्रामसभेत पोरांनी स्वतः उभं राहून मांडायची, मराठीत. सर बदलले तरी नवे सर बांधील. बोर्ड लावायचा तर तिसऱ्या वर्षानंतर.

प्राध्यापकांना फोन केला. बोर्डावर अडले. ‘तेवढा एक फोटो लागतोच हो’ म्हणाले. आवाज असा काकुळतीचा की मलाच वाईट वाटलं. मग सरपंचताईंनी तोड काढली: फोटो काढा, पण विहिरीच्या काठावर टेप धरलेल्या पोरांचा. ‘प्राचार्यांना विचारून कळवतो’ म्हणाले. त्याला आज सहा दिवस झाले. अजून फोन नाही.

आम्ही थांबलो नाही. परवा पहिली मोजणी केली. वीसपैकी सतराच विहिरी झाल्या. दोन बुजवलेल्या निघाल्या आणि एकीत टेप पन्नास फुटांवर गेला तरी पाणी लागेना, तळाला नुसता कचरा. ते पण लिहून ठेवलंय.

रासेयो मास्तर, तुमचं शिबिर दिवाळीच्या आधी घेता येतं का तेवढं सांगा. सिमेंटची रिकामी पोती ऐंशी जमलीत. ओढा अजून वाहतोय.