वांग झिझी : पळालेला फौजी की अडवलेला खेळाडू?

फ्री_थ्रो
चिनी बास्केटबॉल म्हटलं की सगळे याओ मिंगवर येऊन थांबतात. पण एनबीएत, म्हणजे अमेरिकेच्या व्यावसायिक लीगमध्ये, उतरलेला पहिला चिनी खेळाडू वांग झिझी. उंची सात फूट आणि तरी लांबून थ्री-पॉइंटर टाकणारा मऊ हात. त्या काळात असे दोन-चारच असतील.

१९९९ च्या ड्राफ्टमध्ये (एनबीए संघ नवे खेळाडू क्रमाने निवडतात तो कार्यक्रम) डॅलस मॅव्हरिक्सने त्याला ३६ व्या क्रमांकावर घेतलं आणि मग दोन वर्षं ताटकळत बसले. कारण तो बायीचा. बायी म्हणजे ‘आठ-एक’, १ ऑगस्ट, चिनी लष्कराचा वर्धापनदिन. संघ लष्कराचा, खेळाडूही लष्कराचे. अखेर ५ एप्रिल २००१ ला तो डॅलसकडून कोर्टवर उतरला. गंमत बघा, चारच दिवसांपूर्वी हैनानजवळ अमेरिकी टेहळणी विमान चिनी लढाऊ विमानाला धडकलं होतं. त्यातले अमेरिकी सैनिक अजून चीनच्या ताब्यात, आणि चिनी लष्कराचा माणूस टेक्सासात टाळ्या घेतोय!

२००२ च्या उन्हाळ्यात राष्ट्रीय शिबिराचं बोलावणं आलं. त्याला अमेरिकेतच राहून समर लीग, म्हणजे एनबीएची उन्हाळी सराव-स्पर्धा, खेळायची होती. तो गेला नाही, राष्ट्रीय संघातून हकालपट्टी झाली. पुढे क्लिपर्स, मग मायामी, हेही एनबीएचेच संघ. २००६ च्या एप्रिलमध्ये परतला आणि जाहीर माफी मागितली.

माझ्या मते माफी मागण्यासारखं त्याने काही केलंच नव्हतं. पंचवीस वर्षांचा खेळाडू सराव मागत होता, आणखी काय?

सातारी_फौजी
साफ असहमत. मी सेनादलाकडून व्हॉलीबॉल खेळलोय. खेळाडूला काय काय माफ असतं ते मला विचारा. रात्रपहारा नाही, जेवणात जादा दूध-अंडी, बाकीचे चिखलात लोळत असताना आम्ही मैदानावर. बदल्यात अट एकच : बोलावलं की यायचं. सुट्टी संपून माणूस हजर झाला नाही तर आमच्याकडे त्याला समर लीग म्हणत नाहीत.

आणि नुकसान काय झालं तेही सांगा की. २००२ च्या बुसान एशियाडमध्ये चीन फायनलला कोरियाकडून हरला, जादा वेळेत, १०२-१००. १९८६ पासून सलग चार वेळा मिळवलेलं सुवर्ण दोन गुणांनी गेलं. तो बाकावरून दहा मिनिटांसाठी उठला असता तरी पुरलं असतं.

फ्री_थ्रो
सुभेदारसाहेब, त्या फायनलला याओ मिंग होता की! तो असून हरले, त्याचं खापर नसलेल्या माणसावर?

कडेची_खुर्ची
मुद्दा हुकतोय. वांगचा भुर्दंड पुढच्यांना पडला. त्याच उन्हाळ्यात याओ ह्यूस्टनला पहिल्या क्रमांकावर निवडला गेला आणि राष्ट्रीय संघासाठी परत यायचं ही अट गळ्यात घेऊन गेला. त्याने ती इमानदारीने पाळली. उन्हाळे चीनसाठी, हिवाळे ह्यूस्टनसाठी. फेब्रुवारी २००८ मध्ये डाव्या पायाच्या हाडाला चीर गेली, ऑगस्टमध्ये हाच माणूस बीजिंगला झेंडा घेऊन पुढे आणि मग प्रत्येक सामन्यात. २००९ च्या प्लेऑफमध्ये पुन्हा तोच पाय. पुढचा अख्खा हंगाम गेला, त्यानंतर जेमतेम पाच सामने. जुलै २०११ मध्ये निवृत्त, वय तीस. एक ऐकला नाही म्हणून बदनाम, दुसरा ऐकला म्हणून लंगडा.

डॉ_घोटा
टाळ्यांचं वाक्य आहे, पण जरा दमानं. सात फूट सहा इंचाच्या माणसाचा भार पायाच्या त्या लहान हाडांवर येतो, मग लीग कुठलीही असो. विश्रांती मिळाली असती तर दोन-तीन वर्षं वाढली असती, हे मान्य. सगळं बिल चीन सरकारच्या नावे फाडू नका.

गल्ली_क्रिकेट
चीनला नावं ठेवताना आपलं काय? बीसीसीआय खेळत्या पुरुष खेळाडूला परदेशी टी-ट्वेंटी लीगमध्ये जाऊ देतं का? आधी निवृत्ती घे, मग जा. तिथे वर्दी नाही, लष्कर नाही, तरी दोर आहेच.

सातारी_फौजी
आयपीएलचे कोटी घेऊन बांधलेला आणि रेशनवर वाढवलेला, यांना एका पंगतीत बसवू नका राव.

बाकावरचा
सगळे भावनेत. तो एनबीएत चालला किती ते बघा ना. १३७ सामने, सरासरी साडेचार गुणसुद्धा नाही. क्लिपर्सइतके पैसे देऊन त्याला रोखायचा हक्क डॅलसने वापरला नाही, क्लिपर्सने एका हंगामात हात झटकले. चिनी लीगच्या पहिल्या सहाही हंगामांत बायी विजेता, हा तिथला राजा. राजेपण टाकून बाकावर टॉवेल घेऊन बसायला चार वर्षं देश तोडला. याला धाडस म्हणायचं?

फ्री_थ्रो
हो, म्हणायचं. त्या बाकापर्यंतसुद्धा किती पोचतात? याच डॅलसने २०१५ मध्ये आपल्या सतनाम सिंगला ५२ व्या क्रमांकावर निवडलं. एनबीएच्या एका सामन्यातही तो उतरला नाही. वांगची सरासरी मला लहान वाटत नाही.

सातारी_फौजी
बरं, जुलूम जुलूम म्हणताय, तर परत आल्यावर काय झालं? दोहा एशियाडला खेळवलं, बीजिंग ऑलिंपिकला खेळवलं, २०१० ला ग्वांग्झूत पुन्हा सुवर्ण. पुढे बायीचाच प्रशिक्षक केला. आमच्या युनिटात चार वर्षांनी उगवलेल्याला मेसमध्ये ताटसुद्धा मिळालं नसतं.

फ्री_थ्रो
२००८ दारात आलं होतं साहेब. गरज होती म्हणून माफ केलं. आणि ज्या बायीच्या शिस्तीसाठी एवढा आटापिटा, तो संघ २०२० च्या ऑक्टोबरमध्ये लीगमधून बाहेर पडला.

सातारी_फौजी
ते वाचलं होतं. आमच्या युनिटचा संघही बंद झाला, नेट अजून स्टोअरमध्ये गुंडाळून ठेवलेलं आहे म्हणतात. वाईट वाटतं. पण २००२ ची त्याची गैरहजेरी त्याने पुसली जात नाही.