चरीच्या संपावरच्या नाटकात प्रेमकथा कशाला?

खारेपाटवाला:
आमचं मंडळ यंदा चरीच्या शेतकरी संपावर नाटक करतंय. २७ ऑक्टोबर १९३३ ला अलिबाग तालुक्यातल्या चरीत सभा झाली, शेतकरी नेते नारायण नागू पाटलांच्या पुढाकाराने ठरलं की खोताची, म्हणजे सरकारसाठी सारा गोळा करणाऱ्या गावच्या जमीनदाराची, जमीन कसायची नाही. पंचवीस गावांनी १९३९ पर्यंत ते पाळलं. नाटकासोबत पडद्यावर जुने कागद आणि गावातल्या म्हाताऱ्यांचे ध्वनिमुद्रित आवाज, असा बेत. आता संहितेत खोताची मुलगी आणि कुळाचा मुलगा घुसलेत. माझा साफ विरोध आहे.

विंगेतला:
विरोध ठीक, पण संपात घडतं काय सांगा. कोणी नांगर धरत नाही, बस्स. 'न करणं' दोन तास दाखवा, दहाव्या मिनिटाला लोक मोबाइल काढतील. मुलगी आली की निदान कोणाला तरी काहीतरी हवं असतं.

खारेपाटवाला:
हवं असतं ना, भात! पाऊस लागलाय, घरात दाणा नाही, लाकूडफाटा विकून चूल पेटतेय. आणि समोरची जमीन आज्याने समुद्र अडवून केलेली. बांध राखला नाही तर खारं पाणी आत शिरणार, हे घरातल्या पोरालाही कळतं. अशात चुलता म्हणतो, रात्री एकच वाफा पेरू, कोण बघतंय? मग भाऊ भावाच्या आडवा उभा राहतो. याहून मोठा प्रवेश तुमच्या मुलीला मिळणार आहे का?

बांधावरची:
मला मुलीपेक्षा खोताची काळजी आहे. मिशा पिळणारा, चाबूकवाला खोत उभा कराल आणि सगळा दोष एका माणसाच्या स्वभावावर जाईल. तो देवमाणूस असता तरी खोती तीच राहिली असती. पडद्यावर कबुलायत दाखवा, म्हणजे कुळाने खोताला लिहून दिलेला जमीन कसण्याचा करार. कूळ पिढ्यानपिढ्या राबतंय आणि कागदावर दर साली उपरा. म्हणून तर बाबासाहेब आंबेडकरांनी १९३७ साली विधिमंडळात खोती रद्द करण्याचं विधेयक मांडलं.
आणि आवाज लावताना सांभाळा. आजचे म्हातारे त्या वेळी जन्मले तरी होते का? ते आजीकडून ऐकलेलं सांगतात. ते तसंच ऐकवा, साक्षीपुरावा म्हणून नको.

विंगेतला:
कबुलायत पडद्यावर लावली की प्रदर्शन होतं, नाटक नाही. खोत ती मोठ्याने वाचतोय, खाली अंगठा उठवायला हात पुढे येतो आणि मागे जातो, असं काही करा. आणि संवाद पुणेरी नकोत, आगरी बोलीतच हवेत. सध्याच्या संहितेतलं कूळ तर बँकेतल्या साहेबासारखं बोलतं.

खारेपाटवाला:
बोलीचं मान्य. अंगठ्याचंही घेतो. म्हणजे मुलगी काढायची ना?

विंगेतला:
आधी तो रात्रीच्या वाफ्याचा प्रवेश लिहून इथे टाका. तालमीत उभा राहिला तर बघू. तोवर मुलगी राहील.