मदत हवी आहे: व्हर्टस १.५ आत्ता घ्यावी की फेसलिफ्टसाठी थांबावं?

मंडळी, फोक्सवॅगन व्हर्टस या सेडानची १.५ टीएसआय डीएसजी (१.५ लिटरचं टर्बो पेट्रोल इंजिन, दोन क्लचचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स) जवळजवळ नक्की केली होती. तेवढ्यात फेसलिफ्टची, म्हणजे याच मॉडेलच्या सुधारित आवृत्तीची, चर्चा कानावर आली आणि हात थांबला. मॉडेल २०२२ चं, म्हणजे बदल येणं स्वाभाविकच. नवे दिवे, नवा बंपर यांचं मला काही नाही. जीव अडकलाय तो इंजिनात: १५० पीएस ताकद, २५० एनएम टॉर्क, आणि सावकाश जाताना चारपैकी दोन सिलिंडर आपोआप बंद करणारी सोय.

व्हर्टसचीच १.० लिटर इंजिनाची ऑटोमॅटिकही चालवून पाहिली. शहरात छान आहे, पण अहमदाबाद एक्सप्रेसवेवर ओव्हरटेक करताना १.५ ची सर तिला नाही. बडोद्यातल्या शोरूममध्ये फेसलिफ्टबद्दल विचारलं, तर अजून काही कळलेलं नाही म्हणाले. डाव्या गुडघ्याच्या ऑपरेशनमुळे मॅन्युअल जमणार नाही. रोज दांडिया बाजार ते मकरपुरा, महिन्यातून दोनदा अहमदाबाद. जुनी गाडी दिवाळीपर्यंत ओढेल, त्यापुढे नाही.

ड्राय क्लचचा (म्हणजे क्लच तेलात नसलेला) हा डीएसजी आपल्याकडच्या मे महिन्यात, सिग्नलच्या गर्दीत ज्यांनी निदान ४० हजार किलोमीटर चालवलाय, त्यांचा अनुभव काय? आणि फेसलिफ्टमध्ये १.५ ला हाच गिअरबॉक्स राहणार की टॉर्क कन्व्हर्टर (क्लचऐवजी तेलातून ताकद पोचवणारा ऑटोमॅटिक) येणार, याबद्दल कुणाला पक्कं काही कळलंय का?