मदत हवी आहे: मक्याची मुळे खाणाऱ्या दोन किडींतील फरक

उत्तर अमेरिकेतील वेस्टर्न आणि नॉर्दर्न कॉर्न रूटवर्म या किडींची तुलना करणारे टिपण मी तयार करत असून, त्यातील एका मुद्द्यावर जाणकारांची मदत हवी आहे.

भुंगेरे ओळखणे सोपे आहे. वेस्टर्नचा भुंगेरा पिवळसर असून त्याच्या पंखांवर काळे पट्टे असतात (नरामध्ये ते पुष्कळदा एकमेकांत मिसळून बहुतेक पंख काळाच दिसतो), तर नॉर्दर्नचा एकसारखा फिकट हिरवा असतो. अळ्या मात्र दोन्हींच्या सारख्याच दिसतात: बारीक, पांढऱ्या, डोके तपकिरी आणि शेवटच्या खंडावरही तपकिरी चकती.

खरी गुंतागुंत पिकाच्या फेरपालटात आहे. सोयाबीनच्या मुळांवर या अळ्या जगत नाहीत, त्यामुळे मक्यानंतर सोयाबीन घेतल्यास त्यांची साखळी तुटायला हवी. परंतु नॉर्दर्नची काही अंडी दोन किंवा अधिक हिवाळे जमिनीत सुप्त राहतात आणि त्यामुळे शेतात पुन्हा मका असलेल्या वर्षी उबू शकतात. उलट इलिनॉय आणि इंडियाना भागात १९९० च्या दशकात वेस्टर्नच्या माद्या मक्याऐवजी थेट सोयाबीनच्या शेतात अंडी घालताना आढळल्या. म्हणजे सोयाबीननंतरच्या मक्याची मुळे कुरतडलेली आढळली, तर कारण यांपैकी कोणतेही असू शकते.

आदल्या वर्षी सोयाबीनमध्ये पिवळे चिकट सापळे लावून वेस्टर्नचे भुंगेरे मोजणे मला सर्वांत भरवशाचे वाटते. मात्र ती नोंद नसेल, तर केवळ मुळे आणि अळ्या पाहून जात निश्चित करण्याची प्रयोगशाळेबाहेर वापरता येईल अशी एखादी पद्धत आहे का? प्रत्यक्ष काम केलेल्यांनी कृपया सविस्तर लिहावे.