रोस्टर नियमात बसतो, पण झोप बसत नाही

उत्तररात्र:
ए३२० विमानावर फर्स्ट ऑफिसर (सहवैमानिक), बेस मुंबई, घर डोंबिवलीला. पुढच्या आठवड्याचा रोस्टर, म्हणजे ड्यूट्यांचं वेळापत्रक:

सोम, मंगळ, बुध – रिपोर्टिंग ०६:१५, रोज ४ सेक्टर (उड्डाणं), साधारण १५:३० ला सुटका.
गुरुवार – रिपोर्टिंग २२:४५, मुंबई–दुबई–मुंबई, शुक्रवारी ०६:४५ ला चॉक्स-ऑन (विमान जागेवर उभं).

सॉफ्टवेअरमध्ये सगळं हिरवं आहे. बुधवार ते गुरुवार मध्ये ३१ तासांची विश्रांती आहे, रात्रीच्या ड्यूटीत लँडिंग दोनच आहेत. तरी शुक्रवारच्या पहाटेची काळजी वाटते. ही काळजी रास्त आहे का? असेल तर नेमकं काय करता येईल?

टेलविंड:
अगदी रास्त आहे. सुरुवात सोमवारपासूनच होते.

डीजीसीएच्या (नागरी विमान वाहतूक नियामकाच्या) नव्या नियमांत रात्र म्हणजे ०० ते ०६. आधी ती पाचला संपायची. ०६:१५ चं रिपोर्टिंग त्यातून पंधरा मिनिटांनी निसटतं. म्हणून ती रात्रीची ड्यूटी धरली जात नाही आणि चार सेक्टर लावता येतात. पण पिकअप साडेचारचा, म्हणजे गजर पावणेचारचा. शरीराला झोपेची ओढ सगळ्यात तीव्र असते ती वेळ २ ते ६, आणि रोज तिच्या ऐन मध्यावर उठणं आलं. नियम रिपोर्टिंगपासून मोजतो, शरीर गजरापासून.

लवकर झोपू म्हटलं तर संध्याकाळी सात ते नऊ झोप लागणं सगळ्यात अवघड. साडेदहाला डोळा लागला असं धरा: झोप सव्वापाच तास. आठ तासांची गरज धरली तर तीन दिवसांत आठ तासांच्या वर तूट.

गुरुवारी सवयीने सहाला जाग येणार. दुपारी झोपला नाहीत तर रात्री ११ ला, विमान अजून बेवरच (पार्किंगच्या जागेवर) असताना, सलग १७ तास जागे असाल. इतक्या जागरणानंतरची कामगिरी रक्तात ०.०५ टक्के अल्कोहोल असताना होते तितकी घसरते, असं १९९७ च्या अभ्यासात दिसलं होतं. श्वासातल्या अल्कोहोलची बीए टेस्ट मात्र शून्यच दाखवणार. मुंबईत उतराल तेव्हा जवळपास २५ तास झालेले असतील.

रोस्टरवाला:
शेड्युलिंगच्या बाजूने सांगतो. ३१ तासांची विश्रांती आकड्याने भरपूर दिसते, पण तिच्यात पूर्ण रात्र एकच येते आणि लगेच घड्याळ उलटं फिरतं. पहाट, मग दुपार, मग रात्र असा क्रम शरीर सोसतं. पहाटेवरून थेट रात्र सोसत नाही. रोस्टर बनवणाऱ्या ऑप्टिमायझर सॉफ्टवेअरला हे कळत नाही, त्याला मर्यादा सांगितली की तो मर्यादेला चिकटूनच ड्यूट्यांची साखळी बांधतो.

म्हणून नुसतं ‘जड आहे’ म्हणू नका, अदलाबदल नेमकी मागा. बुधवारच्या चार सेक्टरऐवजी दुपारी १ नंतरचं रिपोर्टिंग असलेली ड्यूटी मिळाली, तर गुरुवारी आठ-नऊपर्यंत झोपता येतं. आमच्या टेबलावर अशी विनंती मान्य होते, कारण दुसरा कुणीतरी पहाटेच्या ड्यूट्या मागतच असतो.

शनिवार-रविवारही तपासा. साप्ताहिक विश्रांती आता ३६ ऐवजी ४८ तासांची आहे, दोन स्थानिक रात्रींसह. शुक्रवारी सव्वासातला ड्यूटी संपली तर रविवारी सकाळी सव्वासातला ४८ तास भरतात, आणि त्यानंतरचं रिपोर्टिंग कायदेशीर ठरतं. पहिला दिवस मात्र झोपेची भरपाई करण्यातच गेलेला असतो.

नियमांनी विमानं थांबतात ही ओरड मला पटत नाही. डिसेंबर २०२५ मध्ये हजारो उड्डाणं रद्द झाली, पण नियम जानेवारी २०२४ पासून कागदावर होते. वैमानिकांची संख्या तेव्हापासून मोजायला हवी होती.

उत्तररात्र:
बदल मागतो. नाही मिळाला तर कॉकपिटमधली कंट्रोल्ड रेस्ट (सीटवरच घेतलेली छोटी डुलकी) धरून चालायचं का?

चॉक्सऑन:
नाही. ती अचानक आलेल्या झोपेसाठी आहे, रोस्टरमधली तूट भरायला नव्हे. घ्यावीच लागली तर मॅन्युअलमधल्या पद्धतीने: एका वेळी एकच जण, केबिन क्रूला आधी कळवून, ४० मिनिटांच्या आत, आणि डिसेंट (विमान खाली आणणं) सुरू होण्याच्या किमान २० मिनिटं आधी जागं होऊन. गाढ झोपेतून उठल्यावर डोकं काही काळ जड राहतं, निर्णय चुकतात.

मंगळूरचा अपघात आठवा, २२ मे २०१०. तेही दुबईहून येणारं, पहाटे सहाच्या सुमारास उतरणारं, जाऊन-येऊन एकाच क्रूचं उड्डाण. कॅप्टन सुमारे १ तास ४० मिनिटं झोपले होते, रेकॉर्डरवर घोरणं ऐकू येतं. विमान उंच आणि वेगात आलं, ८,००० फुटांच्या धावपट्टीवर ५,२०० फूट ओलांडल्यावर टेकलं. फर्स्ट ऑफिसरनी गो-अराउंड (न उतरता पुन्हा वर जाणं) सुचवला होता. १५८ माणसं गेली. म्हणून दुबई सोडण्याआधीच कॅप्टनशी बोलून ठेवा: अप्रोच (धावपट्टीकडे उतरत येणं) स्थिर नसेल तर जो आधी बोलेल त्याचा गो-अराउंड, चर्चा नाही.

बदल मिळाला नाही तर:
गुरुवारी दुपारी दीड ते चार अंधारी खोली, फोन बाहेर. दीड तास झोप लागली तरी जागरणाचा ताण काही प्रमाणात उतरतो. कॉफी दुबईच्या टर्नअराउंडला (परतीआधीच्या थांब्यात), आपल्या वेळेने तीन-साडेतीनला. नंतर घेतलीत तर घरी झोप येणार नाही.

दुपारी झोप लागलीच नाही तर पिकअपच्या बऱ्याच आधी ‘फटीग’ (थकवा) म्हणून कळवा, ‘सिक’ म्हणून नव्हे. सिकच्या नोंदीतून रोस्टरचा दोष कुणालाच दिसत नाही, आणि फटीगचा अहवाल कंपनीला दर तिमाहीला डीजीसीएला द्यावा लागतो. रिपोर्टमध्ये ‘थकलो होतो’ लिहून भागत नाही. मागच्या ७२ तासांतली झोप तारीख-वेळेसह, गजराची वेळ, पिकअपची वेळ, सेक्टर, आणि झोपाळूपणा १ ते ९ मध्ये किती, हे लिहा. उड्डाण केलंत आणि त्रास झाला तरी त्याच दिवशी भरा, दोन दिवसांनी वेळा आठवत नाहीत.

शुक्रवारी सकाळी डोंबिवलीला स्वतः गाडी चालवत जाऊ नका. ड्रॉपच्या गाडीत मागे बसा, आणि टर्मिनलमधून बाहेर पडतानाच गॉगल लावा. डोळ्यांवर ऊन आलं की घरी पोहोचूनही झोप लांबते.